मुलांच्या हातात आधी टेप द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की आपल्या युवा पुरवणीत ‘पुढे काय?’ या धर्तीचे पान येते. त्यात वास्तुकलेवरही एक चौकट असते. पात्रता काय, प्रवेश परीक्षा कोणती, अभ्यासक्रम किती वर्षांचा, नोकऱ्या कुठे, आणि शेवटी ‘चित्रकला चांगली असेल तर या क्षेत्राचा जरूर विचार करावा’ हे ठरलेले वाक्य. शेजारी काचेच्या उंच इमारतीचा फोटो. यातले काही खोटे नसते. पण ते वाचून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एवढेच कळते की आत कसे शिरायचे. आत गेल्यावर करायचे काय, आर्किटेक्ट सकाळी ऑफिसात आल्यापासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, याचा त्याला पत्ता लागत नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी आर्किटेक्ट नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा, म्हणून माझी सगळी नोकरी झाली. सुरुवातीला टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेने. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची, तीही कागदाला भोक पडू न देता. मग अमोनियाचा वास येणाऱ्या प्रिंट्स गुंडाळून साइटवर जायच्या आणि सिमेंटचे हात लागून परत यायच्या. पुढे कॉम्प्युटर आला, तोही शिकलो. इतक्या काळात अनेक आर्किटेक्टना शेजारच्या टेबलावरून काम करताना पाहिले. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी आग्रह धरला आणि आठवी-नववीच्या मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी वर्ग घेऊ लागलो. त्या वर्गांतून माझे एक मत पक्के झाले आहे. वास्तुकलेची ओळख इमारतींचे फोटो दाखवून होत नाही. ती मोजण्यातून होते आणि मोजलेले कागदावर उतरवण्यातून होते. थोर इमारतींचे फोटो त्यानंतर दाखवावेत. तोवर ते फोटो मुलांना काही सांगत नाहीत.

पहिल्या दिवशी मी मुलांना त्यांच्याच शाळेच्या जिन्यावर नेतो. तीन-चार जणांचा गट आणि गटाला मोजायचा एक टेप. पायरीची उंची म्हणजे रायझर, पाय टेकतो ती रुंदी म्हणजे ट्रेड. प्रत्येक पायरी मोजायची आणि वहीत लिहायची. मग सांगतो, दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज करा. रायझर १५ सेंटीमीटर आणि ट्रेड ३० असेल तर ६० होतात. १७ आणि २८ असेल तर ६२. नीट बांधलेल्या जिन्यात हा आकडा साधारण ६० ते ६४च्या दरम्यान येतो. त्यानंतर त्यांना व्हरांड्यात नेहमीसारखे चालायला लावतो आणि पावलातले अंतर मोजायला सांगतो. ते याच आकड्याच्या आसपास भरले की मुले एकमेकांकडे बघतात. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात फ्रांस्वा ब्लाँदेल या वास्तुकाराने हा हिशेब मांडला. सपाटीवर चालण्यापेक्षा वर चढायला दुप्पट कष्ट पडतात, म्हणून उंची दुप्पट धरायची आणि तिच्यात रुंदी मिळवायची. बेरीज माणसाच्या पावलाएवढी यायला हवी. आकडे नंतर थोडेफार बदलले, पण मूळ विचार आजही कामाला येतो.

एकदा अशी मोजणी चालू असताना एका मुलाची सर्वांत खालची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सेंटीमीटरने कमी भरली. त्याला वाटले टेपच सरकला. पुन्हा मोजली, मित्राकडून मोजून घेतली, तरी तेच. शेवटी शाळेच्या शिपाईकाकांनी सांगितले की खालच्या मजल्यावर जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवली होती. जमीन वर आली आणि पायरी खुजी झाली. त्या पायरीशी सगळेच अडखळतात हे शाळेत प्रत्येकाला ठाऊक होते. का अडखळतात, ते त्या दिवशी कळले. जिना उतरताना पहिल्या एक-दोन पायऱ्यांतच पायाला उंची पाठ होते, मग नजर खाली राहत नाही. शेवटची पायरी वेगळी निघाली की पाय फसतो. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी घरचा जिना मोजून आणला, आणि आजीच्या घरचाही. वास्तुकला त्याच्या पायापर्यंत पोचली होती.

जिन्यानंतर प्लॅन. प्लॅन म्हणजे काय, हे व्याख्येने मुलांना समजत नाही. इमारत जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर आडवी कापली, वरचा भाग उचलून ठेवला आणि वरून खाली पाहिले, तर जे दिसेल ते प्लॅन. हे सांगतो आणि वर्गाच्या चारी भिंतींवर त्या उंचीला खडूने रेघ ओढायला लावतो. रेघ भिंतीवरून जाते तिथे कागदावर भिंत काळी करायची. खिडकीपाशी रेघ काचेवर येते, तिथे बारीक रेघा. दारापाशी रेघ तुटते, तिथे कागद कोरा सोडायचा आणि दार कोणत्या बाजूला उघडते ते पाव वर्तुळाने दाखवायचे. मुलांना गंमत वाटते ती या पाव वर्तुळाची. एका गटाने वर्गाचा प्लॅन काढला आणि त्यांच्या लक्षात आले की पूर्ण उघडलेले दार पहिल्या बाकाला लागते. म्हणून तर ते बाक कायम तिरपे असते! वर्षभर त्या बाकावर बसणाऱ्या मुलीला ते कधी जाणवले नव्हते. कागदावर काढले आणि दिसले.

सेक्शन म्हणजे उभा काप. माझ्या मते मुलांना शिकवायची खरी गोष्ट ही आहे, आणि ती वर्तमानपत्रात कधीच दिसत नाही. माणसे कुठून कुठे जातील ते प्लॅन सांगतो. उजेड कुठून येईल, गरम हवा कुठे जाईल, पाणी कुठून गळेल ते सेक्शन सांगतो. सेक्शन वाचता येऊ लागला की मूल छताकडे बघायला लागते.

इथे मी फ्रान्सिस केरे यांच्या शाळेचा सेक्शन फळ्यावर काढतो. केरे पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांदो गावचे. त्यांच्या समाजातून शाळेत गेलेले ते पहिले मूल. ज्या वर्गात ते शिकले तो कोंदट आणि अंधारा होता. सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर जर्मनीत गेले, पुढे बर्लिनमध्ये वास्तुकला शिकले, आणि शिकत असतानाच पैसे जमवून गावाला शाळा बांधून दिली. ती २००१ साली पूर्ण झाली. भिंती थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांच्या. वर्गावर विटांचेच छत, पण त्यात फटी सोडलेल्या. आणि त्या छताच्या वर मोकळी जागा सोडून सळयांच्या हलक्या कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, उभे केलेले पत्र्याचे छप्पर. पत्रा ऊन स्वतःवर घेतो, वर्गातली गरम हवा फटींतून वर चढते आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा तिला घेऊन जातो. छप्पर भिंतींच्या बरेच बाहेर आलेले आहे, त्यामुळे मातीवर पाऊस पडत नाही आणि भिंतींवर सावली राहते. गावातल्या लोकांनी आपल्या हातांनी ती शाळा बांधली. तिला २००४ साली वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली केरे यांना प्रित्झ्कर, जो वास्तुकलेतला सर्वोच्च सन्मान मानला जातो. आफ्रिकेतल्या वास्तुकाराला तो प्रथमच मिळाला.

या शाळेचा फोटो मी आधी दाखवून पाहिला आहे. मुले म्हणतात, ‘पत्र्याची शेड आहे.’ सेक्शन काढून, त्यावर निळ्या खडूने हवेचे बाण दाखवून मग फोटो दाखवला की तीच मुले उठून जवळ येतात आणि छतातल्या फटी शोधू लागतात. फोटो तोच असतो. म्हणून माझा क्रमाबद्दल एवढा आग्रह आहे.

आता ‘चित्रकला चांगली असेल तर’ या वाक्याबद्दल. या वाक्याने फार मुले मागे फिरली आहेत. माझ्या वर्गात येणारी निम्मी मुले आल्या आल्या सांगतात, ‘सर, मला चित्र येत नाही.’ नकाशा हे काही चित्र नव्हे. त्यात हात सुरेख लागत नाही, विचार स्पष्ट लागतो. झाहा हदिद वास्तुकलेकडे वळण्याआधी बैरूतमध्ये गणित शिकल्या होत्या. प्रित्झ्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, २००४ साली. सिडनीचे ऑपेरा हाउस तर भूमितीच्या पुस्तकात धडा म्हणून घालावे असे आहे. यॉर्न उत्झॉन या डॅनिश वास्तुकाराचे डिझाइन १९५७ साली स्पर्धेत निवडले गेले. कागदावर ती शिडांसारखी छते देखणी होती, पण बांधायची कशी ते कोणालाच सांगता येईना. प्रत्येक छताचा बाक, म्हणजे वक्रता, वेगळा, म्हणजे प्रत्येकाचा साचा वेगळा, खर्चाला अंत नाही. कित्येक आकार तपासले गेले. १९६१च्या सुमारास उत्तर सापडले. सगळी छते एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची, त्या गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर. गोल एकच, म्हणून बाक सगळीकडे सारखा, म्हणून त्याच त्या साच्यांतून काँक्रीटचे तुकडे पुन्हा पुन्हा ओतता येतात. मी रबरी चेंडू कापून त्याचे तुकडे मुलांना उभे करायला देतो. कसेही कापा, लहान कापा, मोठे कापा, एकमेकांवर ठेवले की बाक जुळतो. उत्झॉन यांनी मतभेदांमुळे १९६६ साली काम सोडले, इमारत १९७३ साली खुली झाली आणि पूर्ण झालेली ती इमारत त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. हेही मी मुलांपासून लपवत नाही. कामाची ओळख करून द्यायची तर त्यातले दुःखही सांगायला हवे.

आर्किटेक्ट दिवसभर काय करतो, हा मूळ प्रश्न. शेजारच्या टेबलावरून जे पाहिले त्यावरून सांगतो: तो एकमेकांशी न पटणाऱ्या गोष्टींचा मेळ घालत असतो. इमारतीच्या मजबुतीचा हिशेब करणाऱ्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला कॉलम (खांब) हवा असतो तिथेच मालकाला दार हवे असते. संडासाचा पाइप खाली यायचा तर खालच्या मजल्यावर नेमकी बैठकीची खोली. पश्चिमेला देखावा सुंदर, पण ऊनही तिकडूनच. कोणाला काय सोडावे लागेल, हे ठरवायचे आणि त्याची जबाबदारी घ्यायची.

मुलांना हे समजावण्यासाठी मी एक गणित देतो. शाळेच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक १५ सेंटीमीटरची, म्हणजे जोते ४५ सेंटीमीटर उंच. चाकांच्या खुर्चीसाठी रॅम्प करायचा आहे. उतार १:१२ धरायचा, म्हणजे एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. किती जागा लागेल? ५.४ मीटर. आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो, कारण दारापासून फाटकापर्यंत तेवढी जागाच नसते. मग कोणी म्हणते उतार वाढवा. मी एका मुलाला खुर्चीत बसवतो, दुसऱ्याला ती तशा चढावर ढकलायला सांगतो. उतार का वाढवायचा नाही ते हातांना कळते. मग कोणी रॅम्प भिंतीलगत वळवतो, मध्ये वळायला सपाट जागा ठेवतो, त्यात झाड येते, झाड वाचवायचे म्हणून पुन्हा खोडतो. अशाच एका वर्गात एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, जोते एवढे उंच ठेवलेच कशाला?’ पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून, असे दुसऱ्याने उत्तर दिले. त्यावर तिचे म्हणणे, की मग पाणी दाराशी येण्याआधीच वळवले तर? तिने अंगणाला उतार दिला, दारासमोर जाळीची नाली काढली आणि जोते एका पायरीएवढे केले. रॅम्प १.८ मीटरचा झाला. तिला चित्र अजिबात चांगले येत नाही. तिचा तो कागद, खाडाखोडीसकट, मी जपून ठेवला आहे.

या कामात बारीकसारीक गोष्टींना किती किंमत असते, तेही मुलांनी एकदा पाहावे. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेच्या जवळ, एक लांब खाच असते. बोटाच्या पेरापेक्षा बारीक. पावसाचे पाणी छज्ज्यावरून ओघळून खालच्या बाजूला वळते आणि चिकटून भिंतीकडे सरकू लागते. खाचेपाशी आले की त्याला पुढे जाता येत नाही, ते थेंब होऊन खाली पडते. खाच नसेल तर तेच पाणी खिडकीच्या चौकटीपर्यंत जाते आणि दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ येतात. शंभरास एक प्रमाणाच्या नकाशात (कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षातले शंभर) ही खाच दिसतही नाही, तिच्यासाठी पाचास एक प्रमाणाचा वेगळा डिटेल काढावा लागतो. मी वर्गात दोन फळ्या नेतो, एकीला करवतीने खाच पाडलेली, दुसरीला नाही. दोन्ही हाताकडे किंचित उतरत्या धरून पुढच्या कडेवर पाणी ओतायचे. बिनखाचेच्या फळीवरचे पाणी खालून सरकत मनगटापर्यंत येते, खाचेच्या फळीचे वाटेतच टपटपते. या प्रयोगाला कधीही कोणी कंटाळलेले मी पाहिले नाही. घरी जाताना सगळ्यांच्या माना वर.

गवंडी आणि मिस्त्री यांच्याशिवाय ही ओळख अपुरी आहे. चालू साइटवर शाळकरी मुलांना नेऊ नये, तिथे धोका असतो. पण ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का पाहायचा), गुण्या (काटकोन तपासायचा) आणि पाणसळ (सपाटी पाहायची) शाळेत आणता येतात. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन खोल्यांत धरली, तर मध्ये भिंत असली तरी दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एकच राहते. विज्ञानाच्या पुस्तकात हे असते; कामावर रोज लागते. एका मिस्त्रींना मी दोनदा वर्गात बोलावले होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, हे त्यांनी ज्या काळजीने मुलांना दाखवले, तसे मला दाखवता आले नसते.

आर्किटेक्टने काय करायचे नाही, हेही ठरवायचे असते. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी गरीब कुटुंबांना सगळे घर बांधून दिले नाही. आखलेला भूखंड, पक्के जोते, पाणी आणि संडास-न्हाणीची सोय, काहींना एखादी खोली. पुढचे घर लोकांनी आपापल्या ऐपतीने आणि गरजेने वाढवायचे. कसे वाढवता येईल हे दिसावे म्हणून ८० घरे नमुना म्हणून बांधून दाखवली. रस्ते, मोकळ्या जागा, ओटे यांचा विचार मात्र बारकाईने. या प्रकल्पाला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला, आणि दोशी २०१८ साली प्रित्झ्कर मिळवणारे पहिले भारतीय ठरले. काचेच्या मनोऱ्याच्या फोटोशेजारी हे छापले गेले, तर हा पेशा कोणासाठी आहे याबद्दल मुलांचा समज वेगळा होईल.

आणि वयाचे म्हणाल, तर वॉशिंग्टनमधले व्हिएतनाम युद्धाचे स्मारक ज्यांनी रचले त्या माया लिन त्या वेळी २१ वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. १९८१च्या खुल्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या, कोणाचीही नावे परीक्षकांना माहीत नव्हती. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती आणि त्यावर मृतांची नावे, एवढेच त्यांनी मांडले. मुलांना ही गोष्ट सांगावी.

पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो, यात पैसे मिळतात का. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची असतात, कामाचे तास लांब असतात, हे मी स्पष्ट सांगतो. आणि हेही सांगतो की माझ्या वर्गातले प्रत्येक मूल आर्किटेक्ट व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. त्यातले बहुतेक पुढे दुसरेच काही करतील. पण कधीतरी घर विकत घेतील, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कमिटीवर बसतील, आपल्या गावातली जुनी इमारत पाडावी की राखावी यावर मत देतील. तेव्हा समोरचा नकाशा त्यांना वाचता यावा. घर घेताना लोक जाहिरातीतले रंगीत चित्र पाहून भुलतात. त्या चित्रात आकाश नेहमी निळे असते, वाळत घातलेले कपडे नसतात, पाइप नसतात, खाली गाड्या लागलेल्या नसतात. प्लॅनमध्ये मात्र उत्तर दिशा दाखवणारा बाण असतो. तो बाण बघून दुपारचे ऊन कोणत्या खोलीत येणार हे नववीतल्या मुलाला सांगता येते, हे मी पाहिले आहे.

जगात इतरत्र याची सोय झालेली आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकीत मुलांना वास्तुकला शिकवणारी ‘आर्क्की’ नावाची शाळा १९९३ पासून चालते. लंडनमध्ये १९९२ पासून दरवर्षी काही दिवस ‘ओपन हाउस’ भरते. एरवी बंद असलेल्या इमारती त्या दिवसांत लोकांना आतून पाहता येतात. ऑक्टोबरचा पहिला सोमवार हा जागतिक वास्तुकला दिन म्हणून पाळला जातो.

आता आपल्याकडे मागणे. पंधरवड्यातून एकदा युवा पुरवणीत पाव पान या विषयाला द्यावे. त्यात थोर इमारती कमी आणि नेहमीच्या जास्त असाव्यात: बसस्थानक, वाचनालय, दवाखान्याची बाह्यरुग्ण खोली, सार्वजनिक स्वच्छतागृह. एक प्लॅन, एक सेक्शन आणि एक फोटो, ज्यात माणसे वावरत असतील. ज्या आर्किटेक्टने ते काम केले त्यांनी त्यातला एकच निर्णय समजावून सांगावा, दार इथेच का, छत इतकेच उंच का. खाली मुलांसाठी दोन प्रश्न. उत्तरे मुलांनी काढून पाठवावीत, आणि खाडाखोड असलेली उत्तरेही छापावीत.

दुसरे मागणे बातम्यांबद्दल. नवी इमारत उभी राहिली की बातमीत उद्घाटकाचे नाव येते, खर्च येतो, कधी ठेकेदाराचे नाव येते. ती कोणी रचली हे येत नाही. ते नाव जरूर द्यावे. इमारत चांगली चालली तर त्यासाठी, आणि पहिल्याच पावसात गळली तर त्यासाठीही. या कामामागे एक माणूस असतो, तो विचार करून ठरवतो, हे मुलांना रोजच्या पेपरातून कळायला यापेक्षा सोपा मार्ग नाही.

या सदराचे नकाशे मी हाताने काढून देईन, मोबदल्याची अपेक्षा नाही. फक्त एक विनंती आहे. नकाशाखाली ‘प्रमाण शंभरास एक’ असे आकड्यात छापू नये. पान लावताना चित्र लहान-मोठे केले जाते आणि तो आकडा खोटा ठरतो. त्याऐवजी मी नकाशातच मीटरच्या खुणा केलेली पट्टी काढून देईन. चित्र लहान झाले तर पट्टीही तेवढीच लहान होते, आणि मुलांना कागदाच्या कडेवर तिच्या खुणा उतरवून खोलीची लांबी-रुंदी काढता येते. पुरवणीच्या पाव पानाची नेमकी मापे तेवढी कळवावीत, म्हणजे त्या हिशेबाने पहिला नकाशा, बसस्थानकाचा, तयार करायला घेतो.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन